कुणाचा पीस कुणाला

तुळशीचं लग्न लागलं की माझं डोकं दुखायला लागतं. लोकांना या दिवसांत ऊस आठवतो, हरभऱ्याचा डहाळा आठवतो, पहाटेचा गारठा आठवतो. मला झंपरपीस आठवतात. मोबाईलवर पत्रिकांचे फोटो यायला लागले की मी उठते, कपाट उघडते आणि समोरच्या ढिगाकडं बघत उभी राहते. एकावर एक, घडीला घडी लावून ठेवलेले. पोपटी, हळदी, मोरपंखी, चटणी रंगाचे. मी ते मोजलेले नाहीत. मोजले तर घाबरून जाईन.

आणि एवढ्या ढिगातला एकही माझ्या अंगाला होत नाही. ऐंशी सेंटिमीटर कापडात बाईचा झंपर बसतो असं ज्यानं ठरवलं, त्यानं बाई नीट बघितलेली नसणार. बाह्या काढाव्यात तर पाठ पुरत नाही, पाठ काढावी तर गळ्याची पट्टी कुठून आणायची. कापड इतकं विरळ की हुक लावला तर हुकाच्या जागी भोक, आणि पहिल्याच धुण्यात अर्धा रंग बादलीत. मी शिवणाचं काम करते म्हणून सांगते, हे शिवायचं कापडच नाही. हे द्यायचं कापड आहे. कुणीतरी ओटीत घालतं, आपण दुसरीच्या ओटीत घालतो, ती तिसरीच्या. वर्षानुवर्षं बिचारं घडीतून उलगडत नाही. कात्री कशी असते ते त्याला माहीतच नाही.

बंगळूरला येऊन मला चौदा वर्षं झाली. वाटलं होतं, एवढ्या लांब आले, निदान यातून तरी सुटले. कसलं काय. वरच्या मजल्यावर तुमकूरकडच्या एक बाई राहतात. शुक्रवारी जिन्यातून कानडीत हाक येते, कुंकुमा तगोळ्ळी, कुंकू घ्यायला या म्हणून. मी पदर सावरत वर जाते. हळदीकुंकू, विड्याची पानं, दोन केळी आणि वर एक पीस. खाली येऊन खिडकीशी उजेडात घडी उलगडून बघते, तर घडीची रेघ पांढरी पडलेली, एका टोकाला जुन्या हळदीचा डाग. म्हणजे हा पीस माझ्याआधी निदान तीन घरं फिरून आलाय. मला राग येतो. मग मी कागदाचा तुकडा कापते, त्यावर ‘वरच्या बाई’ असं लिहिते, टाचणीनं पिसाला लावते आणि ढिगात ठेवते. कारण हा पीस चुकून परत त्यांच्याच हातात जायला नको.

आमच्या मालकांना याचं हसू येतं. म्हणतात, दे की कुणाचा पण कुणाला, बघतंय कोण. पुरुषांना खरंच वाटतं की कुणी बघत नाही. सगळ्या बघतात. हे मला कंग्राळीत, बेळगावजवळच्या माझ्या मावशीच्या गावात कळलं, आणि असं कळलं की जन्मात विसरणार नाही.

माझं घर जांबोटीच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या वाडीवर. तिकडं पाऊस लागला की चार महिने कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळायचे आणि अंगाला धुराचा वास यायचा. शाळेला चालत जायचं, बस आली तर बसनं जायचं, आणि बस यायची तेव्हा यायची. नववीच्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी म्हणून मी आठ दिवस घरी राहिले. नवव्या दिवशी पाणी उतरलं, पण मी गेले नाही. भीती गणिताची होती, पण मी सगळ्यांना ओढ्याचं सांगितलं. नंतर कुणी विचारलंही नाही. नाव कधी कमी झालं तेही मला ठाऊक नाही. पुढं यात्रेला आलेली मावशी मला बघून आईला म्हणाली, हिला माझ्याकडं धाड, मशीन शिकवूया. आई हो म्हणाली. आमच्या चुलीपुढचं एक तोंड कमी झालं आणि मावशीच्या चुलीपुढचं एक वाढलं. त्या वाढलेल्या तोंडाची मला फार लाज वाटायची. दुसरी भाकरी घेताना मी मावशीकडं बघायचे. कुणी सांगायच्या आत भांडी घासून पालथी घालायचे. मावशी एकदाही काही बोलली नाही, पण न बोलणाऱ्या माणसाचीच जास्त धास्ती वाटते. रोज वाटायचं, आज म्हणेल, आता जा बाई तुझ्या घरी.

मावशीच्या घरात टाकून देणं असं काही नव्हतंच. काका बेळगावात सरकारी कचेरीत शिपाई होते, शेती होती, खाऊनपिऊन बरं होतं. तरी काकांची पँट गुडघ्यात विरली की तिच्या दोन पायांच्या दोन पिशव्या व्हायच्या. शर्टाची पाठ उशीच्या अभ्र्याला, बाह्या चुलीवरची भांडी धरायला, पुढचा भाग वाकळेच्या आतल्या थराला. कॉलरचं काहीच होत नसे, तर कॉलरी एका पिशवीत साठलेल्या. कधीतरी लागतील म्हणून. कॉलरी कशाला लागतील हे मी सहा वर्षांत बघितलं नाही. झंपर विरला की हुक उसवून सेफ्टीपिनमध्ये ओवायचे. तांदळाच्या पोत्याची शिवण कुठल्या टोकानं ओढली की सगळा दोरा एका दमात सुटून येतो, हे मावशीनं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. चुकीचं टोक धरलं की गाठ बसते आणि मावशीचा चेहरा उतरतो. अंघोळीच्या साबणाची झिजलेली चिपटी वाळवून ठेवायची, मापं आखायला. खडू विकत आणणाऱ्या बाया तिच्या लेखी उधळ्या.

लेस गुंडाळायला लग्नाच्या पत्रिका. मराठी, कानडी, आल्या त्या सगळ्या पत्रिका कापून त्याचे पुठ्ठे. पण पत्रिकेवर गणपती असतो, आणि गणपतीवर लेस कशी गुंडाळायची? म्हणून तो आधी कात्रीनं गोल कापून काढायचा. काढलेला गणपती टाकायचा कसा? म्हणून त्यांचं एक वेगळं पाकीट. त्या पाकिटात शेदीडशे गणपती असतील. मी एकदा विचारलं, यांचं करायचं काय. मावशी म्हणाली, काय करायचं, ऱ्हाऊ देत की.

हे सगळं ठेवलेलं असायचं, पण सापडायचं नाही. हुक कुठं आहेत विचारावं तर निळ्या डब्यात. निळ्या डब्यात झिपा. तो निळा न्हवं, जुना निळा. जुना निळा म्हणजे जो आता करडा दिसतो तो. त्या डब्यात बटणं. मग बटणांच्या बाटलीत हुक असणार असं आपण धरावं, तर त्या बाटलीत मेथीचे दाणे. काजं करायच्या वेळी मी अर्धा दिवस डबे उघडत आणि झाकत असायचे. माझ्या तोंडून एकदा निघून गेलं, मावशी, यावर चिठ्ठ्या तरी लाव. ती शांतपणे म्हणाली, मला म्हाइती हाय की.

तिला माहीत होतं, हेच तर सगळ्यात मोठं संकट होतं. त्या घराची सगळी व्यवस्था तिच्या डोक्यात होती आणि डोक्याबाहेर तिचा पुरावा कुठंच नव्हता.

त्याच वर्षी मावशीनं मला बेळगावात शिवणाच्या वर्गाला घातलं. घरी मशीन होती, पण तिला वाटलं, पोरीला कागद मिळावा. शाळेचा कागद नाही, तर हा तरी. मी सकाळच्या बसनं जायचे. वर्गातल्या बाई फार शिस्तीच्या. कपाट उघडलं की इंद्रधनुष्य. त्या सांगायच्या, आधी रंग, मग कापडाची जात, मग माप. कापड हाताशी असेल तरच हात चालतो. माझ्यासारखीला असं कुणीतरी ठामपणे सांगितलं की ते एकदम पटतं. शाळेत मला काही नीट आलं नव्हतं. हे येत होतं.

मार्गशीर्ष लागला होता. शैलाक्काला, म्हणजे मावशीच्या थोरल्या मुलीला, निपाणीचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, मुलीला पुढं शिकू देणारं. तीन वर्षं स्थळं बघून मावशी दमलेली होती आणि हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून श्वास धरून बसलेली होती. मावशी आणि काका निपाणीला घर बघून आले, तिथल्या सात बायकांनी मावशीची ओटी भरली, सात पीस आले, ते मावशीनं पेटीत ठेवले. साखरपुडा पंधरा दिवसांवर आला. मध्ये मावशी दोन दिवस खानापूरकडं एका लग्नाला गेली.

आणि मी पेटी उघडली.

ती पत्र्याची मोठी पेटी मावशीच्या कॉटखाली असायची. आत नुसते झंपरपीस. हिरव्यावर लाल, लालवर पिवळा, त्यावर परत हिरवा, आणि मध्येच जुन्या इरकलीच्या काठाच्या पट्ट्या आडव्या टाकलेल्या. मला वाटलं, सगळं एवढं जपून ठेवणारी बाई, आणि पेटीचं हे काय गबाळ. आता तिला दाखवते. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती. तिच्या घरात खाल्लेल्या भाकऱ्यांचं काहीतरी फेडायचं होतं. मी सगळे पीस बाहेर काढले, एकेक हातानं सारखा केला आणि रंगानं लावले. लिंबापासून सुरुवात, मग हळद, आंबा, शेंदूर, लाल, चटणी, डाळिंबी, मग हिरव्यांची रांग, मग निळे, शेवटी जांभळे. काठाच्या पट्ट्या गुंडाळून चिंध्यांच्या पिशवीत टाकल्या. शैलाक्का मागं उभी राहून बघत होती. म्हणाली, लई भारी दिसतंय गं. तिलाही माहीत नव्हतं. त्या पेटीला तिची आई कधी कुणाला हात लावू देत नसे आणि का देत नाही हे कुणी विचारत नसे.

मावशी आली, चहा प्याली, लग्नातून आणलेले चार पीस ठेवायला पेटी ओढली. मी दारात उभी होते, हसू दाबून. तिनं झाकण उघडलं. मग खाली बसली. बसताना हात जमिनीवर टेकला.

“पट्ट्या कुठं हाईत?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. तेव्हा तिनं मला समजावलं, अगदी हळू आवाजात. ओरडली असती तर बरं झालं असतं. डाव्या बाजूला माहेरचे पीस, उजव्या बाजूला सासरचे, मध्ये गावातले आणि काकांच्या कचेरीतल्यांच्या घरचे. प्रत्येक पट्टी म्हणजे एक घर. पट्टीच्या वर त्या घरानं दिलेले, आणि सगळ्यात वर, लाल पट्टीवर, निपाणीचे सात. आता लिंबू रंगात माझी आजी आणि काकांचे साहेब एका घडीत झोपले होते.

जिचा पीस तिलाच परत जाणं ही आमच्याकडं साधी चूक नाही. त्याचा अर्थ, तुमचं तुमच्याकडं ठेवा, आम्हाला नको. सोयरीक जुळताना तर तसं करणं म्हणजे तोंडानं न बोलता मोडणं. निपाणीकडून पंधरा बायका येणार होत्या. मुलाच्या आईला साडी आणि नवा खण घेऊन ठेवला होता, पण बाकीच्या चौदा जणींना पीस या पेटीतूनच जायचे होते आणि त्यांच्यातल्या सहा जणींनी आधी दिलेले पीस या पेटीतच कुठंतरी होते. मुलाच्या आईनं दिलेला सातवाही होताच. काकांनी सरळ सांगितलं, नवे आण की एक गठ्ठा. मावशीनं त्यांच्याकडं असं बघितलं की जणू त्यांनी चूल मोडायला सांगितली. भरलेली पेटी घरात असताना दुकानात जायचं? ते तिच्यानं होणार नव्हतं. मला अजून या गोष्टीचा वैताग येतो. शैलाक्काचं लग्न टांगणीला लागलंय, आणि ही बाई चौदा पीस विकत आणायला तयार नाही.

मग चार दुपारी आम्ही तिघी पेटीभोवती बसलो. मावशी एकेक पीस उचलायची, उजेडात धरायची, वास घ्यायची. आधी निपाणीचे तेवढे शोधायचे होते, म्हणून बाकीचे बघून झाले की मी परत आपापल्या रंगात ठेवायचे. हा बघ, याला कापराचा वास, म्हणजे बहिणीकडचा. याच्यावर दुकानाचा शिक्का, म्हणजे शहापूरच्या बाजारातला, म्हणजे कचेरीकडचा. एखादा उचलून ती इतका वेळ डोळे मिटायची की मला वाटायचं झोप लागली. शेजारच्या गंगूकाकूंना बोलावलं, त्यांनी दिलेले तरी बाजूला पडतील म्हणून. त्यांनी चष्मा लावला, पिसांवरून हात फिरवला आणि एका पोपटीवर थांबल्या.

“ह्यो मी तुझ्या जावंला दिलता,” त्या म्हणाल्या. “हितं कसा आला?”

जावेनं तो मावशीला दिला होता हे उघड होतं, आणि जावेला तो काकूंचा आहे याची आठवण राहिली नव्हती. काकूंनी आणखी दोन ओळखले. एक त्यांनी सात वर्षांपूर्वी पोस्टमनच्या बायकोला दिलेला, एक त्यांच्या स्वतःच्या डोहाळजेवणातला, म्हणजे त्यांच्या मुलाच्या वयाचा. काकूंचा चेहरा आधी रागावला, मग कसनुसा झाला, मग त्या हसायला लागल्या. आमच्या कंग्राळीत एवढीच कापडं हाईत वाटतं, म्हणाल्या, हीच फिराल्यात. जाताना मात्र तो डोहाळजेवणातला घेऊन गेल्या.

चौथ्या दुपारी निपाणीचे सहा सापडले. मावशीला त्यांची पक्की खात्री होती. सातवा, मुलाच्या आत्याचा, काही केल्या हाताला लागेना. मावशी म्हणाली, मोरपंखी होता. मोरपंखी तीन निघाले, तिन्ही बाजूला काढले. मी विचारलं, नक्की मोरपंखीच? तिनं माझ्याकडं बघितलं आणि मी घड्या घालायला लागले. एवढं करून ठेवल्यावर प्रश्न विचारायला तोंड कुठं राहिलं होतं मला. रात्री झोपताना मात्र मी मनातल्या मनात सगळे रंग परत परत लावत राहायचे, आणि प्रत्येक वेळी मोरपंखीच्या शेजारी कुठलातरी दुसरा रंग येऊन बसायचा.

साखरपुड्याच्या दिवशी अंगणात कनात बांधली होती. निपाणीच्या दोन गाड्या आल्या. बायका आत सोप्यात सतरंजीवर बसल्या, पुरुष बाहेर. शैलाक्का पाटावर, मान खाली, पण डोळे माझ्या ताटाकडं. मी ताट धरलेलं, मावशी कुंकू लावून पीस आणि नारळ ओटीत घालत पुढं सरकत होती. मी प्रत्येक हाताकडं बघत होते. पहिली, दुसरी, तिसरी. काही नाही. मुलाच्या आत्याबाई सातव्या. उंच, सडसडीत, कपाळावर मोठं कुंकू. त्यांना चटणी रंगाचा पीस गेला.

त्यांनी तो ओटीतून काढला. घडीचं एक टोक उलटं केलं. तिथं निळ्या दोऱ्याचा एवढासा टाका होता, मुंगीएवढा. आम्ही चार दुपारी वास घेत बसलो आणि तो टाका तिघींपैकी एकीलाही दिसला नव्हता.

“ह्यो माझाच हाय,” आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. शेजारच्या बाईनं वाकून बघितलं, मग तिच्या शेजारचीनं. मुलाची आई हातातला नारळ तसाच धरून मावशीकडं बघत राहिली. शैलाक्काच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या.

त्या क्षणी काय करायचं हे मला स्पष्ट दिसत होतं. मावशीनं माझ्याकडं बोट दाखवायचं. ह्या पोरीनं घोटाळा केला, रानातली पोर, तिला काय कळतंय. सगळ्या हसल्या असत्या, मला दोन शब्द लागले असते, विषय संपला असता. आणि ते खोटंही नव्हतं. मी ताट घट्ट धरून ते शब्द यायची वाट बघत होते. संध्याकाळच्या बसला जागा मिळेल का, हाही विचार डोक्यात येऊन गेला.

“पेटी मी लावली,” मावशी म्हणाली. “रंगानं लावली. कसली अवदसा आठवली कुणास ठाऊक. चुकलं माझं, आत्याबाई.”

सगळी कंग्राळी ज्या बाईच्या पेटीचं नाव घ्यायची, आमच्या मावशीची पेटी कधी चुकत नाही म्हणायची, ती बाई पंधरा पावण्या बायकांपुढं असं म्हणाली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

आत्याबाईंच्या कपाळाला आठी पडली. “रंगानं? पेटी रंगानं लावत्यात व्हय कुठं? बघू तर.”

शैलाक्का पाटावरून उठू शकत नव्हती, म्हणून मी आणि गंगूकाकूंनी पेटी ओढत सोप्यात आणली. मावशीनं झाकण उघडलं. लिंबापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग एका ओळीत. बायका पुढं सरकल्या. कुणीतरी म्हणालं, अगंबाई, दुकान उघडल्यागत. आत्याबाई कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी आपला चटणी रंगाचा पीस मावशीच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या की आजवर ओटीत पडेल तो घेतला, आता मला माझ्या मनाचा एक घेऊ दे. त्यांनी वाकून एक गडद जांभळा काढला, खांद्यावर टाकून बघितला, मुलाच्या आईला विचारलं कसा दिसतोय. ती म्हणाली, तुम्हाला तर पिवळा चांगला दिसतो. झालं. तिसरीनं आपला परत दिला, चौथीनं दिला. ज्यांना मिळाले होते त्या सगळ्यांनी दिले. ऐंशी सेंटिमीटरच्या त्या विरळ कापडांसाठी चौदा बायका पेटीभोवती गुडघ्यांवर बसल्या, ह्यो मला, तो तुला जाईल, ह्याला काठ असता तर. बाहेरून पुरुष दोनदा चहा मागून गेले. अंगठीचं ताट बाजूला तसंच.

मी बघत होते ते मावशीच्या चेहऱ्याकडं. इतक्या वर्षांची घरं, नाती, लग्नं, बारशी तिच्या डोळ्यांपुढं उचलली जात होती आणि कुणी काय नेलं हे लक्षात ठेवायचा तिचा प्रयत्न चालू होता. ओठ हलत होते. पाचव्या-सहाव्या बाईनंतर ओठ हलायचे थांबले.

सोयरीक झाली. आत्याबाई गाडीत बसता बसता म्हणाल्या, रंगाच्या पेटीचं मी निपाणीभर सांगणार बरं का. सांगितलंच त्यांनी. आजही कुठल्या लग्नात मावशी भेटली की निपाणीच्या बायका विचारतात, काय हो, पेटी अजून रंगानंच का? मावशी हसते. ती थट्टा माझी आहे, तिनं ती आपल्या अंगावर घेतली आणि इतक्या वर्षांत एकदाही झटकली नाही. शैलाक्का दोन मुलांची आई झाली, तिच्या सासूला अजून खरं माहीत नाही. मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. आता कुणी वाचून सांगितलं तर सांगू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझे कपडे पिशवीत भरले. कुणी सांगायच्या आत आपण निघावं, म्हणजे सांगणाऱ्याला जड जात नाही. मावशी पेटीपुढं बसली होती. उरलेले पीस विस्कटलेले, लिंबू निळ्यात, हिरवे शेंदरात.

“कुठं निगालीस?”

मी म्हणाले, वाडीला जाते. एवढं सगळं माझ्यामुळं झालं.

“झालं न्हवं? मग आता निस्तरायचं कुणी, मी एकटीनं?” ती खरंच वैतागलेली होती. “बस हितं. कुणाचा कुठला ते समदं कळंपातूर हलायचं न्हाय.”

मी पिशवी खाली ठेवली आणि बसले. हे कळायला किती दिवस लागतील, असं भीत भीत विचारलं. तिनं एक पोपटी उचलला, नाकाशी नेला, बाजूला ठेवला आणि म्हणाली, मला काय ठावं.

सहा वर्षं लागली. मी त्या घरात शिकले, शिवले, दुसरी भाकरी न बघता घ्यायला लागले, आणि लग्न होऊन निघाले तेही त्याच सोप्यातून. पेटी लागत आली होती, फक्त तीन पीस राहिले होते, ते कुणाचे हे आम्हा दोघींनाही सांगता येत नव्हतं. मावशी अजून दर लग्नसराईला ते बाहेर काढते. परवा तिनं व्हिडिओ कॉल केला. कॅमेऱ्यासमोर एक शेंदरी पीस धरला होता, इतका जवळ की मला नुसता रंग दिसत होता, ती दिसतच नव्हती.

“ह्यो कुणाचा असंल गं?”

मी मोबाईल डोळ्याशी नेऊन बघितलं. म्हटलं, मावशी, असं फोनवर नाही कळत.

“मग ये की,” ती म्हणाली.